दोन खिळे

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या सुनेच्या, मयुरीच्या खोलीच्या दाराआड भरलेल्या पिशव्या मी पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. दोन होत्या. एक तिची, एक तिच्या मुलीची, मेघाची. मेघाच्या पिशवीतून दहावीच्या पुस्तकांचे कोपरे टोचून बाहेर आले होते. सतरा वर्षांत ही बाई माहेरी चार दिवसांवर राहिली नाही, आणि चार दिवसांसाठी कोणी भूगोलाचं पुस्तक नेत नाही. एवढं कळायला शाळा लागत नाही.

माझ्या थोरल्याला, हितेंद्रला जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध झालं, आणि आता घरात पहिला सण होत होता. मी आठ दिवस आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नवमीला सुरा पेटीतून निघेल आणि ललितच्या कमरेला लागेल. दुसरा मुलगा आहे मला. घर काही ओस पडलेलं नाही.

आमच्यात हे असंच चालत आलं. सासऱ्यांनी धुळ्याच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा सुरा करून घेतला होता. वीतभर पातं, शिसवीची मूठ, आणि म्हशीच्या चामड्याचं म्यान. त्यांच्या कमरेवरून तो आमच्या ह्यांच्या कमरेला आला, ह्यांच्यावरून हितेंद्रच्या. ज्याच्या कमरेला तो सुरा, तो केळीच्या बागेचा धनी. पहिला घड तो कापणार, मग मजूर बागेत शिरणार. व्यापारी बांधावर आला तरी आधी कमरेकडे बघतो, मग तोंडाकडे.

चौदा महिने बाग मयुरीनं पाहिली, ते मी नाकारत नाही. हितेंद्रनं शेवटच्या मृगात लावलेली रोपं तिनं वाढवली. खोडाशी फुटलेली पिलं काढली, वाळकी पानं उतरवली, घडांना टेकू दिले. बाजारातला लाल प्लास्टिकच्या मुठीचा चाकू पदराला खोचून ती बागेत फिरायची. तो चाकू पाहिला की मला हसू यायचं. व्यापारी तिच्याशी बांधावर बोलायचे आणि भाव ठरवायला जळगावला ललितला फोन करायचे.

सुरा तिनं मला तीनदा मागितला होता. पहिल्यांदा मागितला तो हितेंद्र गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. घरात माणसं बसलेली, आणि ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "आई, सुरा द्या. त्याला केळीचा चीक लागलेला आहे. पुसून ठेवते."

मी म्हटलं, "बांगड्या फुटून तीन दिवस नाही झाले, अन् तुले लोखंड सुचतं?"

सगळ्यांनी ऐकलं. ती उठून आत गेली.

दुसऱ्यांदा पावसाळ्यात मागितला, तिसऱ्यांदा वर्षश्राद्धानंतर. दोन्ही वेळा मी गळ्यातला काळा दोरा चाचपला. त्यात पेटीची किल्ली होती. उत्तर म्हणून तेवढं पुरे होतं.

*

ललित आणि त्याची बायको कामिनी जळगावहून दहाच्या सुमारास आले. गाडीत त्या दोघांचं काय बोलणं झालं ते कामिनीनं मला नंतर सांगितलं, दिवाळीच्या आसपास. आधी सांगितलं असतं तर मी तिलाच फटकारलं असतं, म्हणून नंतर सांगितलं. हुशार आहे.

भुसावळ मागं टाकल्यावर ललित म्हणाला, "आज आईच्या मनासारखं होऊ दे. बांधून घेतो सुरा. दिवाळीनंतर बाग कोणाला तरी बटाईनं, निम्म्या वाट्यावर, देऊन टाकू."

"आणि वहिनींचं काय?" कामिनीनं विचारलं.

"वहिनींचं काय म्हणजे? त्यांना कोणी जा म्हणालं का?"

"राहा म्हणालं का कोणी?"

ललितनं गाणी लावली. कामिनी खिडकीतून बाहेर बघत बसली. ती जळगावची मुलगी, केळीचं पान जेवायला घेण्यापलीकडे तिचा बागेशी संबंध नाही. पण तिच्या मनात आलं की उद्या ललितला काही झालं तर आपल्यालाही सासूबाईंच्या गळ्यातल्या किल्लीकडे बघतच बसावं लागेल. हेही तिनंच मला सांगितलं, तोंडावर. मी ऐकून घेतलं. या वर्षात मी बरंच ऐकून घ्यायला लागले आहे.

दारात तिनं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "आली का व जळगावची पाव्हनी? नऊवारी नाही नेसली ते राहू दे, डोक्यावर पदर तरी घे. सण आहे."

"ओढणीच आहे आई, घेते," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात मयुरीकडे गेली. दोघी जावांचं कधी फार पटत नव्हतं. त्या दिवशी आतून दोघींचा आवाज एकसारखा खाली आला होता, ते माझ्या कानाला खटकलं.

मागोमाग पिकअप गाडी घेऊन वना आला, मयुरीचा भाऊ, शिंदखेड्याचा. पाय धरले, "अक्का, बरं शे ना?" म्हणाला. मी म्हटलं, "बरं शे. मोकळी गाडी घेऊन आलास, केळी भरून नेतोस का काय?"

तो हसला नाही. मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ जाऊन उभा राहिला. तिथं बहीण-भावाचं बोलणं झालं. मेघा दोरीवरचे कपडे काढत होती, तिनं ऐकलं.

"ताई, सामान बठ्ठं भरी लिधं का?"

"भरी लिधं. पन थांब. पूजा व्हऊ दे."

"आते कसानी वाट दखी राह्यनी? नरडाणाले कंपनीमा पह्यली तारखेपासून बलावेल शे तुले. मी शब्द देयेल शे."

"सुरा मन्हाकडे उना, तर तू एकलाच जा. नही उना, तर मी येस."

"एक सुरासाठे?"

"सुरासाठे नही रे, वना," मयुरी म्हणाली. "त्यासनी लायेल बाग शे. पह्यला घड कोन कापस, ते मले दखनं शे."

सुरा तिच्याकडे आला तर ती राहणार, नाही आला तर भावाबरोबर जाणार. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, असं मी म्हटलं तर खोटं होईल. शब्द माहीत नव्हते. पिशव्या पाहिल्या होत्या.

*

धरणगावहून नथ्थूभाऊ आला तेव्हा पाटावर सगळं मांडून झालं होतं. विळे, कुऱ्हाड, पहार, फवाऱ्याचा पंप. बाहेर ट्रॅक्टरला झेंडूचा हार. आमच्या सुऱ्याचं म्यान नथ्थूभाऊच्या बापानं शिवलेलं आणि पुढं दोनदा त्यानं स्वतः टाके घातलेले. दर नवमीला तो येतो, म्यान हातात घेऊन फिरवून बघतो, जेवतो आणि जातो. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटं बघतात.

ओसरीत बसता बसता त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथं दोन खिळे आहेत, हातभर अंतरावर.

"खिळे रिकामे दिसतात, अक्का."

"पेटीत आहे. नीट ठेवलाय. चौदा महिने कोणाचा हात लागू दिला नाही."

 तो बसला होता तिथून जरा पुढं सरकला.

मी किल्ली काढली, पेटी उघडली. हितेंद्रच्या पांढऱ्या उपरण्यात गुंडाळून, वरून मेणकागद बांधून, डांबरगोळ्या टाकून ठेवला होता. दर अमावास्येला मी दार लावून ती पेटी उघडायची. म्यानावर हळद-कुंकू वाहायची आणि चमचाभर शेंगदाण्याचं तेल ओतायची. तळहातानं चोळायची. पावसाळ्यात म्यानावर पांढरी बुरशी धरली, ती मी पदरानं पुसली. लेकराला न्हाऊ घालावं तशी मी त्याला तेल पाजत होते. सुरा मात्र एकदाही उपसला नाही.

ललित पाटावर बसला. कामिनीनं त्याला टिळा लावला. मयुरी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती, हात पिठाचे. वना अंगणात, गाडीला टेकून. मी उपरणं सोडलं आणि सुरा पाटावर ठेवला. आमच्याकडे धारेची वस्तू हातात देत नाहीत. आपण खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. नाहीतर देणाऱ्या-घेणाऱ्यात तुटतं.

"उचल," मी ललितला म्हटलं. "उपस, कपाळाला लाव, अन् कमरेला बांध."

ललितनं मूठ धरून ओढली. सुरा हलला नाही.

"आई, फेव्हिकॉल लावलाय का काय?" तो हसला. हसणारा तो एकटाच होता.

त्यानं म्यान मांडीखाली दाबलं आणि जोर केला. तरी नाही. मग पाय लावला आणि ओढला, तसा चर्रर्र आवाज झाला. एका बाजूचे टाके उसवत गेले आणि सुरा बाहेर आला. पात्याला चामड्याची एक चिंधी चिकटून आली.

पातं तांबडं होतं. मध्ये काळं. टोकाकडे इतके खोल खड्डे की त्यात मसुरीचा दाणा बसावा. एके जागी धार कुरतडल्यासारखी गेलेली. म्यानाच्या पितळी टाचण्यांवर हिरवा थर. आणि वास आला. खवट तेलाचा, डांबरगोळ्यांचा, आणि त्या सगळ्याखालून केळीच्या चिकाचा. हितेंद्र बागेतून यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला यायचा तो.

 मी बोलले. मला गप्प राहता येत नाही, हा माझा जुना रोग.

"पेटी कोणी उघडली?" मी मयुरीकडे बघून विचारलं. "सांग. पाणी लागल्याशिवाय लोखंडाचं असं होत नाही. तीनदा मागत होतीस. कोणी हात लावला?"

मयुरीनं पिठाचे हात मागं घेतले.  बोलली मेघा.

"आजी, किल्ली तर तुझ्याच गळ्यात शे."

"तू मधी बोलू नको! माझ्या नातीलेही शे-शे शिकवून ठेवलं."

"खरं बोलली ती," कामिनी म्हणाली. माझ्यासमोर तिनं आवाज चढवायची ती पहिली वेळ. "आई, तुम्हीच म्हणालात आत्ता, कोणाचा हात लागू दिला नाही म्हणून."

"कामिनी, तू आत जा," ललित म्हणाला.

"मी नाही जात. तुम्ही जा आत, तुम्हाला तर बरंच झालं. आता बांधून घ्यायलाही नको."

ललितचा चेहरा उतरला. मला तेव्हा अर्थ लागला नाही, पण एवढं दिसलं की माझ्या मुलाला सुरा खराब झाल्याचं दुःख नव्हतं. खांदे सैल पडले होते त्याचे. ओझं उतरलेल्या माणसाचे पडतात तसे.

"जाऊ द्या ना आई," तो म्हणाला. "जळगावला स्टीलचे मिळतात, गंज न धरणारे. उद्या आणतो."

नथ्थूभाऊनं हात पुढं केला. ललितनं सुरा खाली ठेवला, त्यानं उचलला. नखानं पातं खरवडलं, नाकाला लावलं. मग म्यान घेतलं, त्यात बोट घातलं, बोट चोळून बघितलं.

"अक्का, हा चिकासकट घातला व्हता?"

"हो."

"कव्हा?"

"त्याच दिवशी."

"पुसला नाही?"

मी काय सांगणार? श्रावणातली दुपार होती. हितेंद्र सातवा घड कापून खोडाला टेकून बसला, पाणी आणा म्हणाला. पाणी येईस्तोवर तो नव्हता. मजुरांनी त्याला ट्रॉलीत घालून आणलं आणि सुरा माझ्या हातात दिला. हो, हातात दिला, घाईत कोणाला भान राहतं. पात्यावर चीक ओला होता. मुठीवर त्याचा घाम. आंघोळ घालताना त्याच्या कमरेचं म्यान सोडून कोणीतरी भिंतीच्या खिळ्यावर टांगलं. रिकामं. वाऱ्यानं हलत होतं. बायका रडत होत्या आणि मी त्या रिकाम्या म्यानाकडे बघत होते. मला ते बघवेना. मी उठले, सुरा त्यात घातला, दाबून बसवला, पेटीत ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली. त्याच्या हातचा शेवटचा चीक कोणी पुसावा हे मला सोसणार नव्हतं. बायकोनंही.

हे सगळं मी नथ्थूभाऊला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "रिकामं म्यान बघवलं नाही, भाऊ."

त्यानं मान हलवली. 

"अक्का, म्यान चालनाऱ्यासाठी राहते. ठेवायले खिळा. चामडं वरून कोरडं दिसतं, पन आत पानी धरते. बाभळीची साल पाजून कमावलेलं चामडं हे, लोखंडाले बसून बसून खाते. त्यात चीक. त्यात वरून तेल. तेल त्यानं पिलं नाही, अक्का, कुजलं ते. माह्या बापानं तुमच्या सासऱ्यांले हेच सांगून हे दोन खिळे ठोकून घेतले व्हते. एकावर पातं, एकावर म्यान, तोंड खाली करून. हितेंद्रभाऊ रोज तसंच करायचा."

मला माहीत नव्हतं का? वीस वर्षं रोज संध्याकाळी मी ते याच ओसरीत बसून पाहिलं. रॉकेलच्या फडक्यानं चीक काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, अंगठ्यावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन पात्यावरून फिरवायचा. मी म्हणायची, "बायकोच्या डोक्याले तेल लावत नसशील एवढं." आणि मयुरी आतून हसायची.

*

जेवणं राहिली. पुरणपोळ्या तव्यावरून उतरून टोपलीत तशाच. मयुरीनं हात धुतले, ओसरीत आली आणि नथ्थूभाऊसमोर बसली.

"नथ्थूभाऊ, निघेल का हे?"

"वरचं निघेल. खड्डे राहतील, बाई."

"राहू देत."

तिनं रॉकेल आणलं, चुलीची बारीक राख आणली, जुनं फडकं आणलं. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही. पातं रॉकेलमध्ये भिजवून ठेवलं, मग राखेनं घासायला बसली. मुठीपासून टोकाकडे, एकाच दिशेनं. घासायची, पुसायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची. कामिनी तिच्याशेजारी बसून राख चाळून देत होती. नथ्थूभाऊ म्यानाचे उसवलेले टाके काढत होता. कुजलेला भाग त्यानं कापून टाकला आणि राहिलेल्याला आरीनं नवी भोकं पाडली. वना दारात येऊन एकदा बघून गेला. ललित फोनवर होता.

मी पेटीजवळ बसले होते. मला दिसत होतं की फडक्यावर आधी तांबडं उतरलं, मग काळं. ते काळं म्हणजे तो चीक. चौदा महिने मी जपलेला. मयुरीनं फडकं झटकलं नाही. घडी घालून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

दोन वाजता पातं पांढरं झालं. खड्डे तसेच, देवीच्या वणांसारखे. धार तिनं दगडावर लावली. खोबरेलाचे दोन थेंब अंगठ्यावर घेतले, फिरवले आणि सुरा पाटावर ठेवला. ललितच्या बाजूला.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली.

ललितनं माझ्याकडे बघितलं. मी मयुरीकडे. तिच्या नखांत राख भरली होती. एवढ्या माणसांत, एवढ्या वर्षांत, मला वाटतं मी तिचे हात पहिल्यांदा बघितले. अंगठ्याच्या पेरावर हितेंद्रला होता तसाच घट्टा होता. त्या लाल मुठीच्या चाकूनं पडलेला.

मी उठले. पाटावरचा सुरा उचलला आणि मयुरीच्या पुढ्यात, खाली ठेवला.

"उचल," मी म्हटलं. "पहिला घड तू काप."

 अंगणात वनानं गाडीचं टेकण सोडलं. मयुरी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत होती. कशाची ते मला चांगलं कळत होतं. एका शब्दाची. तो माझ्या जिभेवर आला होता, दातांपर्यंत आला होता. सगळे बघत होते. व्याही-घरचा माणूस दारात उभा होता. आणि मी, जिनं गावात कोणापुढं मान लववली नाही, त्या मी म्हटलं, "बघते काय अशी? ऊन उतरलं की घड कापत नाहीत."

तिनं डोळे खाली केले. सुरा उचलला.

आम्ही सगळे बागेत गेलो. हितेंद्रनं लावलेली पहिली ओळ, विहिरीकडची. मयुरीनं पदर खोचला, खोडाला वर एक घाव घातला. झाड हळू वाकलं, घड खांद्याइतका खाली आला, तो वनानं झेलला. मग तिनं दांडा एकाच घावात कापला. खड्ड्यांच्या पात्यानं. चीक तिच्या मनगटावर ओघळला. मजुरांतल्या म्हाताऱ्यानं "बरी आहे धार, बाई" म्हटलं. तेवढीच शाबासकी. घडाला नऊ फण्या होत्या. मी मोजल्या, कारण दुसरं कुठं बघावं ते मला समजत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं रॉकेलचं फडकं घेतलं. चीक काढला, कोरडं पुसलं, तेल लावलं. सुरा उजव्या खिळ्यावर टांगला. माझा जीव जरा खाली बसला. वाटलं, झालं, राहिली.

ती आत गेली आणि दोन्ही पिशव्या घेऊन बाहेर आली.

"आई, येते."

"सुरा दिला ना तुले!" माझ्या तोंडून निघून गेलं. "आता काय राहिलं?"

"सुरा दिला," ती म्हणाली. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते, मला ते येतं. "पण तुम्ही उचल म्हणालात, आई. राहा नाही म्हणालात."

"मग? सगळं काय तोंडानंच बोलायचं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमत, ते मला माहीत आहे. चौदा महिने वाट पाहिली मी. आता रागही येत नाही, तेव्हा निघालेलं बरं."

कामिनी रडत होती. ललित "वहिनी, अहो वहिनी, असं काय" करत मधे उभा. नथ्थूभाऊनं शिवलेलं म्यान तोंड खाली करून डाव्या खिळ्यावर टांगलं होतं. मयुरीनं ते काढलं. आतून बाहेरून हात फिरवला. वीस वर्षं एका कमरेवर बसून चामड्याला बाक आला होता, तो कुजला नव्हता, गेला नव्हता.

"पातं तुमना घरनं शे, आई," ती म्हणाली. सासरी आल्यापासून माझ्याशी ती कधी तिच्या बोलीत बोलली नव्हती. "म्यान त्यासना कमरनं शे. हे मी मन्हासंगे लई जास."

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. पिकअपच्या हौद्यात दोन पिशव्या किती लहान दिसतात. मेघानं मागं वळून हात केला. मयुरी पुढं बघत होती, म्यान मांडीवर.

*

बाग ललितनं बटाईनं दिली. त्यांचे मजूर स्वतःचे विळे आणतात. सुऱ्याला आता काम नाही.

मी रोज दिवेलागणीला तो खिळ्यावरून काढते. चीक नसतो, तरी रॉकेलचं फडकं फिरवते. कोरडं पुसते. खोबरेलाचे दोन थेंब, जास्त नाही. खड्ड्यांत तेल साठतं, ते काडीला कापूस लावून टिपते, नाहीतर तिथून परत धरेल. पुन्हा उजव्या खिळ्यावर. डावा खिळा मी काढून टाकायला सांगणार होते. नाही सांगितलं.

रविवारी मेघाचा फोन येतो.

"आजी, सुरा पुसला का?"

"पुसला व. तू अभ्यास करते का नाही?"

"करते. आजी, नवी खोली चांगली शे. आईनं आल्या आल्या भिंतीत दोन खिळे ठोकले. एकावर म्यान टांगलंय, तोंड खाली करून."

"अन् दुसऱ्यावर?"

"दुसरा रिकामा शे."

मागं भांड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. कोणीतरी हातातलं काम टाकून उभं होतं.

"आई इथंच शे, आजी," मेघा म्हणाली. "दुसरा खिळा कशाले ठोकला ते इचारू का तिले?"

मी भिंतीकडे बघितलं. सुरा होता. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर तो खिळा होता.

"नको," मी म्हटलं. "उगं कशाले. तिचं काम चाललं असेल."